वाचकांचे प्रश्न : कॅमेरा सेन्सर गप्प का?

(सगळे प्रश्न लिनक्सवर चालणाऱ्या बोर्डांचे आहेत. कमांड आणि गुणधर्मांची नावे उच्चाराप्रमाणे छापली आहेत.)

प्रश्न : आय.एमएक्स ८एम मिनी चिपवर आम्ही स्वतःचा बोर्ड बनवला आहे. त्याला रास्पबेरी पायचा दुसऱ्या आवृत्तीचा कॅमेरा (सेन्सर आयएमएक्स२१९) जोडला. तोच कॅमेरा पाय ४ वर नीट चालतो. आमच्या बोर्डावर मात्र बूट होताना ‘फेल्ड टू रीड चिप आयडी २१९’ असा संदेश येतो आणि शेवटी उणे ६ हा आकडा. आयटूसीडिटेक्ट (आयटूसी या दोन तारांच्या बसवर कोणकोण ‘ओ’ देते ते तक्त्यात दाखवणारी कमांड) चालवले तर तक्ता रिकामा. पीसीबी नव्याने काढावा लागेल का? (भोसरी)

उत्तर : इतक्यात नको. रिकाम्या तक्त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. प्रोब (ड्रायव्हरने सेन्सर शोधून ताब्यात घेण्याचा प्रयत्न) फसला की ड्रायव्हर जाताना रेग्युलेटर, म्हणजे सेन्सरचा वीजपुरवठा, बंद करून जातो. म्हणजे तुम्ही आयटूसीडिटेक्ट चालवता तेव्हा सेन्सरला वीजच नसते. यामुळे चांगले कॅमेरे ‘मेले’ म्हणून बाजूला टाकले जातात.

आधी आकडा वाचा. तुमच्या चिपच्या आयटूसी ड्रायव्हरमध्ये उणे ६ म्हणजे त्या पत्त्यावरून कोणी ‘ओ’ दिली नाही. कॅमेरा ड्रायव्हर जुना असेल तर हीच गोष्ट उणे ५ म्हणून दिसते, आणि पायच्या बसवर उणे १२१ म्हणून. उणे ५१७ आला तर ती चूकच नव्हे : क्लॉक किंवा रेग्युलेटरचा ड्रायव्हर अजून उभा राहिलेला नाही, म्हणून कर्नल (लिनक्सचा गाभा) वाट पाहतो आहे. कोण अडकले आहे ते डीबगएफएसमधल्या (कर्नलची आतली माहिती दाखवणाऱ्या फोल्डरमधल्या) ‘डिव्हाइसेस डिफर्ड’ या फाइलीत मिळते. ‘चिप आयडी मिसमॅच’ असे आले तर आनंद माना, कारण बस चालू आहे, फक्त समोर दुसराच कोणी बोलतो आहे.

आता मोजमाप. डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय कुठे जोडले आहे ते कर्नलला सांगणाऱ्या फाइलीत) कॅमेऱ्याच्या रेग्युलेटरला तात्पुरते ‘रेग्युलेटर ऑलवेज ऑन’ लावा आणि बूट करून मल्टिमीटर घ्या. १५ पिनांच्या रिबनवर १५ व्या पिनवर ३.३ व्होल्ट हवेत, आणि ११ वी पिन म्हणजे पॉवर एनेबल, तीही वर हवी. तुमच्या लक्षणांवरून पहिला संशय या ११ व्या पिनचाच. तिच्या इशाऱ्याशिवाय मॉड्यूलवरचे रेग्युलेटर सेन्सरचे २.८, १.८ आणि १.२ व्होल्ट बनवत नाहीत. पिन बोर्डावर जोडलेली आहे पण मीटर शून्य दाखवतो, असे असेल तर ‘रेग्युलेटर फिक्स्ड’ नोडमध्ये ‘एनेबल अॅक्टिव्ह हाय’ लिहिले आहे का पाहा. ही ओळ नसेल तर कर्नल त्या पिनला अॅक्टिव्ह लो, म्हणजे शून्य व्होल्टला ‘चालू’, धरतो. जीपीआयओच्या (चिपच्या चालू-बंद करता येणाऱ्या पिनेच्या) ओळीत तुम्ही अॅक्टिव्ह हाय लिहिले असले तरी त्याचा उपयोग होत नाही. लोक जीपीआयओची ओळ दहादा तपासतात आणि नेमके हे वाचायचे राहते.

क्लॉकची काळजी या मॉड्यूलपुरती नाही. २४ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर मॉड्यूलवरच असतो. डिव्हाइस ट्रीमध्ये ‘फिक्स्ड क्लॉक’ म्हणून २४०००००० दिले की झाले. नुसता सेन्सर बोर्डावर सोल्डर केला असता तर प्रकरण वेगळे होते. तेव्हा क्लॉक तुम्ही पुरवायचा, आणि आयटूसीचे पुल-अप (तारा वर ओढून धरणारे रेझिस्टर) १.८ व्होल्टला बांधायचे, ३.३ ला नव्हे. ऑसिलोस्कोप हाताशी नसेल तर एक जुगाड : १.८ व्होल्टचा चौकोनी क्लॉक चालू असेल तर साधा मीटर डीसीवर साधारण ०.९ दाखवतो. ० किंवा १.८ दिसले तर क्लॉक थांबलेला आहे.

व्होल्टेज बरोबर असूनही तक्ता रिकामा राहिला तर रिबन पाहा. एकाच बाजूला संपर्क असलेली आणि विरुद्ध बाजूंना संपर्क असलेली, अशा दोन जातींच्या रिबन मिळतात. चुकीची जात लागली तर पिनांचा क्रम उलटतो आणि ३.३ व्होल्ट थेट ग्राउंडवर जातात. म्हणून रिबन बदलल्यावर वीज देण्याआधी दोन्ही टोकांच्या पिन १ मधली कंटिन्युइटी तपासा.

सेन्सरचा पत्ता हेक्स १० आहे. तक्त्यात तिथे १० दिसले की आयटूसीट्रान्सफरने हेक्स १० वर ०० ०० असे दोन बाइट लिहा आणि दोन वाचा. उत्तर ०२ १९ यायला हवे. आयटूसीगेट इथे वापरू नका. या सेन्सरचे रजिस्टर पत्ते १६ बिटांचे आहेत आणि ती कमांड ८ बिटांचे धरते, त्यामुळे भलतेच उत्तर मिळते. हाताने आयडी वाचता येतो पण प्रोब फसतो, असे झाले तर वेळेचा घोळ आहे. रिसेट सुटल्यावर ड्रायव्हर किमान ६.२ मिलिसेकंद थांबतो. तुमचा रेग्युलेटर चढायला जास्त वेळ घेत असेल तर ‘स्टार्टअप डिले’ १०००० मायक्रोसेकंद देऊन पाहा.

प्रश्न : याच चिपवर प्रोब यशस्वी होतो, व्हिडिओ नोडही येतो. पण स्ट्रीमिंग सुरू केले की कधी उणे ३२ येते, कधी काहीच न बोलता लटकते. (नाशिक)

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी आहेत. उणे ३२ म्हणजे सेन्सर, सीएसआय रिसीव्हर (चिपमधला कॅमेऱ्याचा डेटा घेणारा भाग) आणि ब्रिज (तो डेटा मेमरीत नेणारा भाग) यांच्या पॅडवरची, म्हणजे जोडबिंदूंवरची, फॉरमॅट जुळत नाहीत. मीडियासीटीएल उणे पी ने पूर्ण साखळी छापा आणि प्रत्येक पॅडवर तोच आकार आणि तोच कोड बसवा. फक्त सेन्सरवर बसवून भागत नाही.

लटकणे म्हणजे फ्रेम पोहोचतच नाही. रिसीव्हरच्या सबडिव्हाइसवर व्ही४एल२सीटीएलचा ‘लॉग स्टेटस’ चालवा. हा ड्रायव्हर घटनांचे मोजणी-आकडे छापतो. ‘फ्रेम स्टार्ट’ वाढतो आहे पण चित्र येत नाही, तर रोग पुढे ब्रिजमध्ये किंवा फॉरमॅटमध्ये. सीआरसी किंवा ईसीसी चुका (वाटेत डेटा बिघडल्याच्या खुणा) वाढत असतील तर लिंक फ्रिक्वेन्सी (कॅमेऱ्याच्या डेटा-तारांवरच्या क्लॉकचा वेग) चुकली आहे किंवा तारा वाईट आहेत. सगळे शून्य असेल तर लेन (डेटा वाहणाऱ्या तारांच्या जोड्या) पाहा : या मॉड्यूलवर दोनच लेन बाहेर काढलेल्या आहेत, त्यामुळे डिव्हाइस ट्रीत सेन्सर आणि रिसीव्हर या दोन्ही टोकांच्या एंडपॉइंट नोडमध्ये ‘डेटा लेन्स’ १ आणि २ एवढेच हवेत. नमुन्यातून चार लेन उतरवल्या की रिसीव्हर न येणाऱ्या लेनची वाट पाहत बसतो.

लिंक फ्रिक्वेन्सी ४५६०००००० च हवी. दुसरा आकडा ड्रायव्हर नाकारतो. हिशोब असा : ४५६ मेगाहर्ट्झ, क्लॉकच्या दोन्ही कडांवर डेटा म्हणून दुप्पट, गुणिले दोन लेन, भागिले १० बिट. सेकंदाला १८.२४ कोटी पिक्सेल. हा आकडा शेवटच्या प्रश्नात लागेल.

प्रश्न : चित्र आले, पण काळपट आणि हिरवे. चित्र आडवे उलटवले तर रंग आणखी बिघडतात. (रत्नागिरी)

उत्तर : ड्रायव्हर निर्दोष आहे. सेन्सर कच्चा बायर डेटा (प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा किंवा निळा असा एकच रंग) देतो, त्यात हिरवे पिक्सेल लाल किंवा निळ्याच्या दुप्पट. पायमध्ये आयएसपी (कच्च्या डेटाचे रंगीत चित्र बनवणारा भाग) हे सगळे सावरतो, ८एम मिनीत आयएसपी नाही. लिबकॅमेरा या कॅमेरा लायब्ररीचा सॉफ्टवेअर आयएसपी वापरा, किंवा सेन्सर ८ बिट मोडमध्ये ठेवून जीस्ट्रीमर या व्हिडिओ साधनाच्या बायरटूआरजीबीतून न्या. व्हाइट बॅलन्स मात्र तरीही तुम्हालाच करावा लागेल. आडवे उलटवल्यावर आरजीजीबी हा क्रम जीआरबीजी होतो, उभे उलटवल्यावर जीबीआरजी, दोन्ही केल्यावर बीजीजीआर. आधी उलटवा, मग पॅडवरचा कोड पुन्हा वाचून पुढची साखळी बसवा.

प्रश्न : ट्यूबलाइटखाली चित्रात आडवे पट्टे येतात. ड्रायव्हरमध्ये दोष आहे का? (ठाणे)

उत्तर : नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवा सेकंदाला १०० वेळा मंदावतो, आणि हा सेन्सर ओळीमागून ओळ वाचतो. एक्सपोजर १० मिलिसेकंदांच्या पटीत असले की पट्टे जातात. पण ड्रायव्हरमधला एक्सपोजरचा आकडा मिलिसेकंदांत नसून ओळींत असतो. पूर्ण ३२८० बाय २४६४ मोडमध्ये एक ओळ ३४४८ पिक्सेलची धरली जाते. ती मागे काढलेल्या १८.२४ कोटी पिक्सेलच्या वेगाने १८.९ मायक्रोसेकंदांची होते. म्हणून एक्सपोजर ५२९ ठेवा, उजेड कमी पडला तर १०५८ किंवा १५८७. दिव्याखाली ५२९ सुद्धा जास्त होत असेल तर आकडा खाली आणू नका, पट्टे परत येतील. भिंगासमोर एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी करडी काच) लावा किंवा डीसीवर चालणारा एलईडी दिवा घ्या.