गॅस पुन्हा भरायचा, अख्खा सेट बदलायचा, की गाडीच विकायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गाडी तेरा वर्षांची, इंजिन ठणठणीत, अजून तीन वर्षं ती वापरायचा विचार आहे. एसीत पहिल्यांदा गॅस भरला तेव्हा तो हंगामभर पुरला, गेल्या वर्षी तीन महिने, यंदा जेमतेम सहा आठवडे. एक गॅरेज म्हणतं, पुन्हा भरून घ्या. दुसऱ्याने कॉम्प्रेसर (गॅस दाबणारा पंप), कंडेन्सर (गाडीच्या तोंडाशी गॅस थंड करणारी जाळी) आणि कूलिंग कॉइल (आतली हवा गार करणारी) असा सगळा सेट बदलायचा अंदाज दिला आहे. तिसरा गळती नेमकी कुठे आहे ते शोधून देईन म्हणतो, पण नुसत्या शोधण्याचेच एकदा गॅस भरण्याइतके पैसे मागतो. ते तुम्हाला वाया गेल्यासारखे वाटतात. आणि घरच्यांचं म्हणणं, हा खर्च करण्यापेक्षा कर्ज काढून नवी गाडी घ्यावी.

माझं मत: तिसऱ्याला पैसे द्या, आणि त्याचं उत्तर हातात येईपर्यंत बाकी काहीच ठरवू नका.

तुम्ही पाठवलेले आकडे मी एकाच मापात बसवले. एकदा गॅस भरण्याचा खर्च म्हणजे एक भरणा. या मापाने अख्खा सेट १४ भरण्यांचा. सुटं काम केलं तर कंडेन्सर ५, कूलिंग कॉइल ६, कॉम्प्रेसर ६. प्रत्येकात मजुरी, ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारा डबा) आणि गॅस धरून. ओ-रिंग (सांध्यातली रबरी कडी) किंवा व्हॉल्व्हचं काम गॅससह दोनच्या आत. गाडी आज विकली तर ७० भरणे मिळतील. नव्या गाडीचा हप्ता महिन्याला ५.

आता ‘नुसता गॅस भरू’ हा स्वस्त वाटणारा पर्याय बघा. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. जुन्या गाडीत होजमधून आणि सीलमधून वर्षानुवर्षं थोडा झिरपतो, ते समजण्यासारखं आहे. पण सहा आठवड्यांत थंडावा जातो तेव्हा बहुधा कुठेतरी छिद्र आहे आणि ते वाढतं आहे. तुम्हाला एसी वर्षातले पाच महिने लागतो. म्हणजे याच वेगाने हंगामाला तीन-चार भरणे, तीन वर्षांत दहाच्या आसपास, तेही गळती आहे तेवढीच राहिली तर. शिवाय कॉम्प्रेसरला वंगण देणारं तेल या गॅसबरोबरच फिरतं. गॅस कमी पडला की तेल कॉम्प्रेसरकडे नीट परत येत नाही आणि तो कोरडा घासू लागतो. प्रेशर स्विच त्याला बंद करतो खरा, पण फारच गॅस उतरल्यावर. कॉम्प्रेसर आतून फुटला तर धातूचा चुरा सगळ्या नळ्यांत जातो, बारीक वाहिन्यांच्या कंडेन्सरमधून तो धुऊन निघत नाही, आणि आज नको असलेला १४ भरण्यांचा सेट तेव्हा खरोखरच बदलावा लागतो. पैशापलीकडचंही एक सांगतो. तुमच्या गाडीच्या वयाच्या गाड्यांत सहसा आर-१३४ए नावाचा गॅस असतो. तो वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट हवा तापवतो. गळका एसी भरत राहणं मला म्हणूनही पटत नाही.

सेटवाल्या गॅरेजवर माझा राग नाही. कुठे गळतंय ते माहीत नसताना सगळंच बदललं की तक्रार परत येत नाही, हा त्यांचा हिशेब असतो. पण त्या अज्ञानाची किंमत तुम्ही भरता. गळती दोन भरण्यांच्या ओ-रिंगमध्ये असेल तर सेटमध्ये बारा भरणे फुकट जातील. एक भरणा देऊन हे टळत असेल तर तो वाया कसा गेला?

अर्थात, तपासणी खरी हवी. नुसतं गेज लावून ‘गॅस कमी आहे’ म्हणणं म्हणजे तपासणी नव्हे. एसी बंद असताना गेजवरचा दाब तापमानावर ठरतो: २५ अंशांना आर-१३४एचा दाब साधारण साडेपाच बार दिसतो, मग आत गॅस पुरेसा असो वा अर्धाच उरलेला. म्हणून त्यांना उरलेला गॅस मशीनने काढून वजन करायला सांगा. पूर्ण भरणा किती ग्रॅमचा ते बहुधा बॉनेटखालच्या स्टिकरवर असतं. दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमचं सहा आठवड्यांचं नुकसान, आणि तो आकडा लहान निघाला तर दोष गॅसमध्ये नसून कंडेन्सरच्या पंख्यात किंवा तुंबलेल्या केबिन फिल्टरमध्येही असू शकतो. तसं झालं तर तुमचा सगळा प्रश्नच बदलतो.

गॅस काढण्याआधी मात्र नजरेने पाहणी आणि स्निफरने (गळणारा गॅस हुंगणारं यंत्र) तपासणी व्हायला हवी. गॅसबरोबर तेलही बाहेर येतं, म्हणून गळतीपाशी तेलकट, धूळ धरलेला डाग सापडतो: कंडेन्सरच्या समोरच्या बाजूला जिथे खडे लागतात तिथे, नळ्यांच्या सांध्यांवर, कॉम्प्रेसरच्या शाफ्टपाशी. गॅस भरायच्या तोंडांवरची टोपणं जागेवर आहेत का तेही बघायला सांगा, कारण आतला छोटा व्हॉल्व्ह गळणं हा सगळ्यांत स्वस्त दोष आणि तोच अनेकदा कोणी तपासत नाही. स्निफर सांध्यांच्या खालून फिरवायचा, गॅस हवेपेक्षा जड असतो. मग नायट्रोजन भरून दाब धरतो का ते पाहायचं. काही जण नळ्या पंपाने पूर्ण रिकाम्या करून, व्हॅक्यूम टिकला म्हणून गळती नाही असं सांगतात. ते पुरेसं नाही. व्हॅक्यूममध्ये दाबाचा फरक फार तर एका वातावरणाचा असतो, तर चालू एसीत दाबाच्या बाजूला पंधरा बार सहज होतात. इतक्या दाबाला उघडणारी फट व्हॅक्यूममध्ये कळून येत नाही.

कूलिंग कॉइल हा पैशाच्या दृष्टीने सगळ्यांत नाजूक मुद्दा आहे. ती डॅशबोर्डच्या आत असते, दिसत नाही, आणि तिच्या खर्चात मोठा वाटा मजुरीचा. म्हणून ‘बाहेर कुठे सापडलं नाही, म्हणजे कॉइलच’ या तर्कावर डॅशबोर्ड खोलू देऊ नका. एसीचं पाणी जिथून ठिबकतं त्या नळीपाशी स्निफर धरता येतो, किंवा यूव्ही डाय (अतिनील दिव्याखाली चमकणारा रंग) घालून काही दिवस गाडी चालवल्यावर त्या पाण्यात डायची चमक दिसते का ते बघता येतं. पुरावा मिळाला तरच सहा भरणे मोजा. गळती बुजवणारं द्रव्य कोणी सुचवलं तर नको म्हणा. ते एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कॉइलमध्ये गॅस सोडणारं बारीक तोंड) आणि गॅस काढणारी मशीनंही तुंबवू शकतं, आणि मग चांगलं गॅरेज तुमच्या गाडीला हात लावायला कचरतं.

तपासणीला जाण्याआधीच, शांत डोक्याने, एक मर्यादा ठरवून टाका. तुमच्यासाठी ती मी सात भरणे धरीन. तीन वर्षं गॅस भरत बसण्यापेक्षा ती कमी आहे आणि गाडीच्या किमतीच्या दहा टक्के आहे. कुठलाही एक भाग गळका निघाला तर दुरुस्ती या मर्यादेत बसते, करून टाका. कंडेन्सर आणि कॉइल दोन्ही गळके असतील तर थांबा आणि मला पुन्हा लिहा. नळ्यांत धातूचा चुरा सापडला तर या गाडीच्या एसीवर मी खर्च करणार नाही. आधीच्या तीन भरण्यांचे पैसे या हिशेबात आणू नका, ते कुठल्याही पर्यायात परत येत नाहीत.

नवी गाडी? वर्षाचे हप्ते ६० भरणे होतात, म्हणजे आजच्या गाडीची जवळजवळ पूर्ण किंमत, आणि डाउन पेमेंट तुम्ही आपत्कालीन निधीतून काढणार आहात. त्याला मी साफ नकार देतो. इंजिन ठणठणीत असताना एसीसाठी घरातला राखीव पैसा मोडायचा नाही. उन्हात घरातल्या वयस्कर माणसांचे होणारे हाल मला समजतात, काचेवरची वाफ घालवायलाही एसी लागतो. म्हणूनच तपासणी याच आठवड्यात करून घ्या म्हणतो आहे. चुरा सापडून विकायचीच वेळ आली, तर महागडी दुरुस्ती करून विकू नका, तो खर्च किमतीत पुरता वसूल होत नाही. तपासणीचा कागद गाडी घेणाऱ्यापुढे ठेवा. दोष नेमका माहीत असला की तो त्या दोषापुरतीच किंमत कापतो.

दुरुस्ती झाली तर नवा ड्रायर बसवला का ते विचारा, आणि भरलेल्या गॅसचं वजन ग्रॅममध्ये पावतीवर लिहून घ्या. पुढच्या हंगामात थंडावा कमी वाटला तर पुन्हा वजन करून तुलना करायला तोच आकडा लागेल.