शेवाळ काढायचं, पण कौलांवर चढून नाही

प्रश्न : ताई, देवरूखजवळ आमचं जुनं कौलारू घर आहे. आई-बाबा दोघंच तिथं राहतात, मी पुण्यात. गणपतीत गेलो तेव्हा मागच्या, उत्तरेकडच्या पाख्यावर, म्हणजे छपराच्या उतारावर, शेवाळाचा जाड थर दिसला. फणसाच्या सावलीत तर कौल कुठं संपतं आणि कुठं सुरू होतं तेही कळत नाही. माजघरात दोन ठिकाणी ओघळ आलेत. बाबा ७२ वर्षांचे, पण 'शिडी लावून मीच खरवडतो' म्हणतात. मी दिवाळीत गाडी धुवायचं प्रेशर वॉशर घेऊन जाणार होतो. एका नातेवाइकांनी खडेमीठ मारायला सांगितलं, दुसऱ्यांनी ब्लीचिंग पावडर. नक्की काय करू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आधी शिडी पडवीत आडवी टाकून ठेवा. ओल्या शेवाळावर पाय ठरत नाही हे तुमच्या बाबांना मी सांगायला नको. पण कौलारू छपरावर माणूस पडतो तो दर वेळी घसरूनच नाही. जिथं शेवाळ जाड, तिथं पाणी जास्त दिवस थांबलेलं असतं आणि खालची रीप (कौल जिला अडकतं ती लाकडी पट्टी) कुजलेली असण्याची शक्यताही तिथंच जास्त. वरून ती दिसत नाही. पाय पडतो, कौल फुटतं, रीप मोडते आणि माणूस सरळ माजघरात येतो. म्हणून पहिली तपासणी खालून. माळ्यावर बॅटरी घेऊन जा आणि ओघळ आलेत तिथल्या रिपा-वासे स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहा. टोक सहज आत गेलं तर ती रीप गेली असं समजा.

शेवाळाला खरी मुळं नसतात, ते कौल फोडत नाही. नुकसान होतं ते कौलांच्या जोडावर. एक कौल दुसऱ्यावर चढतं त्या फटीत शेवाळाचा गड्डा बसला की उतरणारं पाणी अडतं, मागं फिरतं आणि कौलाच्या पोटाखालून रिपेवर येतं. तुमचे ओघळ बहुधा असेच आलेत. त्यामुळे छप्पर नव्यासारखं लाल दिसायला हवं हा हट्ट नको. कौलाच्या पाठीवरचा नुसता हिरवट रंग, दगडफुलासारखे राखाडी गोल डाग, हे राहू द्या. जोड आणि पन्हळ मोकळी हवी.

प्रेशर वॉशर पुण्यातच ठेवा. ते पाणी जोडातून उलटं वर घुसतं, म्हणजे पाऊस चार महिन्यांत करत नाही ते तुम्ही एका सकाळी कराल. शिवाय भाजलेल्या कौलाची वरची घट्ट कातडी त्याने खरवडली जाते, मग कौल जास्त पाणी पितं आणि पुढच्या पावसात शेवाळ आणखी जोमानं धरतं. तारेचा ब्रशही त्याच कारणासाठी नको. खडेमीठ तर मुळीच नको. मीठ कौलाच्या छिद्रांत शिरतं, वाळताना त्याचे खडे धरतात आणि कौलाचे पापुद्रे सुटतात. रिपांचे खिळे गंजतात ते वेगळंच. ब्लीचिंग पावडरने शेवाळ मरतं, हे खरं. पण पागोळ्या पडतात कुठं? अळवावर, तुळशीत, आणि विहीर वळचणीजवळ असेल तर तिच्यात. त्यातून कोणी 'जोर यावा' म्हणून त्या पावडरीत संडास धुवायचं ॲसिड मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो. असलं मिश्रण शिडीवर उभं राहून हाताळण्याची कल्पनाही करवत नाही.

मग करायचं काय? थांबायचं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि दिवाळीत छप्पर वरून कोरडं दिसलं तरी शेवाळाच्या पोटात ओल असतेच. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात ते करपतं, खपलीसारखं सुटतं. मृगाआधी शाकारणी, म्हणजे कौलं काढून नीट बसवायचं काम, करायचीच असते, त्या कामाला हे जोडा. तोवर ओघळांपुरता उपाय : माळ्यावरून कौल हाताने थोडं वर सरकवा आणि त्याखाली जस्ती पत्र्याचा तुकडा घाला. छपरावर जायची गरज नाही.

आता मुद्द्याचं. कौल धुवायला कौलावर कशाला जायचं? आपल्या घरांची हीच तर सोय आहे. मंगळुरी कौल रिपेला नुसतं अडकवलेलं असतं. माहीतगार गडी माळ्यावरून किंवा वाशांवर उभा राहून एकेक ओळ काढतो, कौलं हातोहात खाली येतात. जाड थराचा पट्टा तेवढाच उतरवा, सगळं पाखं नाही. शंभर चौरस फुटांना दीडशेच्या आसपास कौलं येतील. अंगणात बसून बांबूच्या चिपटीनं गड्डे काढायचे, खाचा काथ्याच्या ब्रशने आणि साध्या पाण्याने घासायच्या, उन्हात उभी वाळवायची. हे काम बाबांना द्या, आणि त्यांच्या हाती निवडही द्या : कौल बोटाच्या पेराने वाजवायचं. टण् वाजलं तर परत वर, भद्द वाजलं तर तडा आहे, बाजूला. छपरावर जायला बंदी केली की बापमाणसं रुसतात. पण गड्यांच्या हातात कोणतं कौल जाणार हे तेच ठरवणार असतील, तर अंगणातली खुर्ची त्यांना चालते असा माझा अनुभव.

कौलं उतरली की रिपा उघड्या पडतात. कुजलेल्या बदलायची वेळ हीच. फुटलेल्यांच्या जागी नवी आणण्याआधी जुन्या कौलाच्या पाठीवरचा शिक्का वाचा. १८६५ साली बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि त्यानंतर तिथं कितीतरी कारखाने निघाले. प्रत्येकाच्या खाचेत थोडा फरक असतो. दोन कारखान्यांची कौलं शेजारी नीट बसली नाहीत, तर गळती पुन्हा सुरू. गावात कोणी जुनं घर पाडून स्लॅब घालत असेल तर तिथं विचारा, जुळणारी कौलं तिथंच मिळतात.

गडी वर जाणारच, तेव्हा त्याची काळजी तुमची. अंगभर पट्ट्यांचा सेफ्टी हार्नेस घ्या, त्यावर आयएस ३५२१ हा मानकाचा क्रमांक पाहा. दोर नायलॉनचा, धडधाकट आढ्याला किंवा तुळईला बांधलेला, रिपेला नाही. काथ्याच्या दोरीवर माणूस टांगू नये. शिडी चार फूट उंचीला एक फूट पुढे, वळचणीच्या वर तीन फूट निघालेली, माथा वाशाला बांधलेला. पन्हळीला टेकवलेली शिडी मला दिसली तर मी काम थांबवते. खांबावरून घरात येणारी वायर वळचणीजवळून जात असेल तर आधी वायरमनकडून प्रवाह बंद करून घ्या, ॲल्युमिनियमची शिडी असेल तर नक्कीच. कौलं उचलण्यापूर्वी काठीने ठोका, गांधीलमाश्यांचं पोळं असेल तर आधी कळतं.

आणि तो फणस. झाड तोडू नका, पाख्यावर आलेल्या फांद्या मात्र उतरवा. ऊन-वारा लागला की शेवाळाचा जोर निम्मा जातो. आढ्याखाली तांब्याची पट्टी ठोका असं कोणी सुचवेल. पावसाबरोबर उतरणारं तांबं शेवाळ रोखतं खरं, पण खाली जस्ती पत्र्याची पन्हळ असेल तर ती लवकर गंजते. कौलांना लाल रंग मात्र लावू नका. तो पोपडे धरतो, आणि पोपड्यांखाली ओल राहते.

प्रश्न : गोठ्यावर जुने सिमेंटचे पत्रे आहेत, त्यांवरही शेवाळ आलंय. गडी म्हणतो, ब्रशने घासून देतो.
– एक वाचक, कणकवली

उत्तर : नको. जुन्या सिमेंट पत्र्यांत बहुतेक वेळा ॲसबेस्टॉस असतं. घासलं की त्याचे तंतू सुटतात, ते फुप्फुसात गेले तर पुढं अनेक वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो. आणि असला पत्रा कुरकुर न करता एकदम फुटतो, त्यावर पाय ठेवणं म्हणजे गोठ्यात कोसळणं. गळत नसेल तर शेवाळ तसंच राहू द्या. गळत असेल तर पत्रे बदला : पाणी मारून ओले करून, नट-बोल्ट सोडवून, अख्खे उतरवा. तुकडे गडग्यात किंवा वाटेच्या भरावात घालू नका, आपल्याकडे ही खोड फार आहे.

प्रश्न : अंगणातल्या जांभ्याच्या पायऱ्या पावसात निसरड्या होतात. त्यांना ब्लीचिंग पावडर चालेल का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : चालेल, विहीर आणि झाडं लांब असतील तर. पाण्यात कालवून ओता, थोड्या वेळाने खराट्याने घासा आणि भरपूर पाणी मारा. पायात बूट, हातात रबरी मोजे, आणि काम वरच्या पायरीपासून खाली.