मिठाच्या पाण्यात खिळे सोडले, पण क्लोरीन गेला कुठे?

प्रश्न: ताई, माझा मुलगा दहावीला आहे. मिठाच्या पाण्याचं विद्युत अपघटन घरी करून बघितलं, 9 व्होल्टची बॅटरी आणि दोन खिळे लावून. पुस्तकात क्लोरीन येतो म्हणतात, आमच्याकडे वासही नाही, उलट हिरवट गाळ झाला नि नंतर तो तांबूस पडला. काय चुकलं? आणि कुठला वायू आला हे ओळखायचं कसं? (एक वाचक, सांगली)

उत्तर: तुमचा प्रयोग बरोबरच झाला, फक्त खिळा नडला. प्लसला जोडलेलं लोखंड स्वतःच विरघळायला लागतं, मग मिठातल्या क्लोराइडला क्लोरीन व्हायची पाळीच येत नाही. तो हिरवट गाळ म्हणजे लोखंडाचं हायड्रॉक्साइड, हवा लागली की तांबूस होतं. मुलाला सांगा की हे त्याने वहीत लिहून ठेवायलाच हवं, कारण पुस्तकात नसलेलं त्याला डोळ्यांनी दिसलंय.

आता खिळ्यांऐवजी दोन्ही टोकं तासलेल्या शिसपेन्सिली घ्या आणि मीठ भरपूर टाका, कारण पाणी फार पातळ असलं तर प्लसला क्लोरीनबरोबर ऑक्सिजनही येतो. खिडकी उघडी ठेवा, वास मुद्दाम ओढून घेऊ नका आणि घरातली लाइट अजिबात वापरायची नाही, बॅटरीच.

मायनसच्या शिशावर त्याच पाण्याने काठोकाठ भरलेली छोटी टेस्टट्यूब उपडी धरा. वायू जमला की आधी बॅटरी काढा, ट्यूब उपडीच बाजूला न्या आणि तोंडाशी पेटती काडी धरा, फट्ट असा आवाज आला की हायड्रोजन. सोडियम का नाही असं मुलं हमखास विचारतात, तर सोडियम आयनपेक्षा पाण्याला इलेक्ट्रॉन घेणं सोपं जातं म्हणून.

प्लसकडे बुडबुडे कमी दिसतील, घाबरू नका, क्लोरीन पाण्यात बराच विरघळतो. तिथे ओला निळा लिटमस पाण्याच्या जरा वर धरला की आधी लाल होतो आणि मग पांढराफटक पडतो. हा पांढरा होणंच महत्त्वाचं, नुसता लाल तर कुठलंही आम्ल करेल.

आणि मला सगळ्यात आवडते ती हळदीची टेस्ट! पाणी न ढवळता मायनसजवळ चिमूटभर हळद टाका, लालसर होईल, साबण लागलेल्या हळदीच्या डागासारखी, कारण तिथे कॉस्टिक सोडा तयार होतो.

तुमच्याकडे द्राक्षबागेसाठी मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, मिळतंच, पुढच्या वेळी मिठाऐवजी ते घ्या, म्हणजे हातमोजे घालून. मायनसच्या शिशावर तांब्याचा लाल थर चढेल आणि पाण्याचा निळा रंग हळूहळू फिका होईल, प्लसला ऑक्सिजन निघेल. तो ट्यूबमध्ये धरून आत उदबत्तीचं धगधगतं टोक घातलं की ते एकदम लख्ख होतं, कधीकधी पेटही घेतं. नाही पेटलं तरी चुकलं समजू नका, प्लसचं पेन्सिलीचं शिसं म्हणजे कार्बनच, ते थोडं झिजतं आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड त्यात मिसळतो.