विक्रेत्याला दुसरे घर मिळाले तरच विक्री, ही अट मान्य करावी का?

अमेरिकेत अशी अट करारात घालता येते आणि ती मान्य करायला हरकत नाही, मात्र विक्रेत्याने दुसरे घर कोणत्या तारखेपर्यंत निश्चित करायचे हे त्यात लिहिलेले हवे. नुसते ‘योग्य घर मिळेपर्यंत’ असे मोघम असेल तर तुम्ही अडकून पडता आणि साधारण ३० ते ६० दिवसांसाठी बांधून घेतलेला कर्जाचा व्याजदर हातचा जातो. मुदत टळल्यास करार सोडून इसाऱ्याची रक्कम परत मिळण्याची तरतूदही असावी. घराच्या तपासणीचा खर्च वेगळे लिहून घेतल्याखेरीज सहसा परत मिळत नाही, म्हणून विक्रेत्याचे दुसरे घर ठरून ही अट संपल्यावरच तपासणी करावी. विक्रीनंतर विक्रेत्याला काही दिवस भाड्याने राहू देणे मला अधिक बरे वाटते, पण स्वतः राहण्यासाठी घेतलेल्या कर्जात बहुधा ६० दिवसांच्या आत तिथे राहायला जावे लागते.