वसंतात सवयी नव्याने लावताना: आधी सकाळचा उजेड, बाकीचं मागाहून

तुम्ही लिहिलंय की हिवाळाभर घरात बसून अंग जड झालंय, झोपेचा पार बट्ट्याबोळ झालाय, आणि आता येत्या सोमवारपासून पहाटे पाचला उठणं, जिम, ध्यान, साखर बंद आणि आठवडाभराचं डिटॉक्स असं सगळं एकदम सुरू करायचंय. दरवर्षी तिसऱ्या आठवड्यात हे बारगळतं, यंदा ते कसं टाळायचं, असा तुमचा प्रश्न आहे.

माझं स्पष्ट मत सांगते. उत्साह खरा आहे, तो वाया घालवू नका. पण पाचही गोष्टी एकाच सोमवारी नकोत. या ऋतूत आपल्याला एक गोष्ट आयती मिळते, ती म्हणजे वाढत जाणारा दिवस. सुरुवात तिथून करा.

आपल्या मेंदूतलं झोप-जागेचं घड्याळ बहुतेकांच्या बाबतीत २४ तासांपेक्षा किंचित लांब चालतं. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की ते रोज जागेवर येतं. हिवाळ्यात नेमका हाच उजेड कमी पडतो, आणि घरातले दिवे ती उणीव भरून काढत नाहीत. दिवाणखान्यातला उजेड बहुधा काहीशे लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आतच असतो, तर बाहेर ढगाळ सकाळीही तो हजारांत जातो. म्हणून उठल्यावर तासाभरात वीस-तीस मिनिटं बाहेर पडा. सूर्याकडे टक लावून बघायचं नाही, नुसतं बाहेर असणं पुरतं. उठण्याची वेळ सुट्टीच्या दिवशीही तीच ठेवा. आणि पाचचा हट्ट सोडा. बारा वाजता झोपून पाचला उठलात तर झोप पाचच तास होते. प्रौढांना किमान सात लागतात. लवकर उठायचंच असेल तर दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे या, आणि झोपायची वेळही तितकीच अलीकडे आणा. दुपारनंतरची कॉफी बंद केली तर हे खूप सोपं जातं, कारण कॅफीनचं प्रमाण शरीरात निम्म्यावर यायलाच साधारण पाच तास लागतात.

आता तिसऱ्या आठवड्याबद्दल. 'एकवीस दिवसांत सवय लागते' हे आपण सगळ्यांनी इतकं ऐकलंय की बावीसाव्या दिवशी कंटाळा आला की आपल्यातच काही खोट आहे असं वाटतं. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनने १९६० साली लिहिलं होतं की शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान एकवीस दिवस लागतात. त्यातलं 'निदान' पुढे गळून पडलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या साध्यासुध्या सवयींचा अभ्यास केला, तो २०१० साली छापून आला. त्यात सवय अंगवळणी पडायला मधला आकडा निघाला ६६ दिवसांचा, आणि व्यक्तिगणिक फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. मला त्यातली आणखी एक गोष्ट फार मोलाची वाटते: एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात विशेष अडथळा आला नाही. म्हणजे तिसऱ्या आठवड्यात तुम्ही हरत नाही, अर्ध्या वाटेवरही पोचलेले नसता. खाडा झाला तर दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं सुरू करा. भरपाई म्हणून दुप्पट व्यायाम तर मुळीच नको.

नवी गोष्ट रोज घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला बांधा. 'रोज चालेन' हे फार मोघम झालं. 'दात घासून झाले की बूट घालून बाहेर' हे नेमकं आहे, त्यात ठरवायला काही उरत नाही. बूट रात्रीच दाराशी काढून ठेवा, आणि ठेवताना उलटे करून तळ बघा. टाच एका बाजूने झिजली असेल तर आधी बूट बदला.

व्यायामाचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची, शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम, अशी आहे. मध्यम श्रम म्हणजे चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. तिथपर्यंत सावकाश पोचा. दम आणि स्नायू लवकर साथ द्यायला लागतात, स्नायूंना हाडांशी जोडणारे स्नायूबंध मात्र मागे राहतात. म्हणून 'आता जमतंय' असं वाटून जोर वाढवला की टाच किंवा गुडघा धरतो. पहिल्या व्यायामानंतर दोन-तीन दिवस अंग दुखणं स्वाभाविक आहे. सांध्यात टोचणारी किंवा सूज आणणारी वेदना तशी नसते, तिथे थांबा.

डिटॉक्स यादीतून काढून टाका. शरीरातली नको ती द्रव्यं बाहेर टाकायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं अहोरात्र करतच असतात. साखरेत आधी फक्त गोड पेयं बंद करा. ध्यान पुढच्या महिन्यात बघू.

त्याऐवजी एक दुपार औषधांच्या डब्याला द्या. मुदत संपलेल्या गोळ्या, तळाशी चिकट झालेली खोकल्याची बाटली, केव्हा उघडले ते आठवत नाही असे डोळ्यांचे थेंब, सगळं बाहेर काढा. उघडलेले थेंब बहुधा चार आठवड्यांनंतर वापरायचे नसतात. सनस्क्रीनची तारीखही बघा, कारण हवा गार असली तरी या दिवसांत अतिनील किरण वाढू लागलेले असतात. परागकणांनी दरवर्षी शिंका, डोळ्यांना खाज असा त्रास होत असेल तर डॉक्टरांशी आत्ताच बोला. नाकात मारायच्या स्टेरॉइड स्प्रेचा पूर्ण गुण यायला काही दिवस जातात. चालू असलेली औषधं मात्र 'आता बरं वाटतंय' म्हणून मनाने बंद करू नका.

आणि अंग जड वाटण्याबद्दल: झोप सुधारूनही थकवा हटला नाही, किंवा दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागेना, तर तो हिवाळ्याचा परिणाम समजून अंगावर काढू नका. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या, मनाबद्दलही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा हृदयाचा जुना आजार असेल, तर व्यायाम त्यांना विचारूनच सुरू करा.

आता तुमची खरी उठण्याची वेळ, म्हणजे गेल्या आठवड्यात प्रत्यक्षात उठलात ती, इथे लिहा. तिच्यावरून पहिल्या पंधरवड्याचं नीट ठरवता येईल.