कोच बेंचवर ओरडतो म्हणून तो वाईट का?

प्रश्न: दोन वर्षं झाली एनएचएल, म्हणजे उत्तर अमेरिकेतली आइस हॉकी लीग, बघतोय. भावाचं म्हणणं, कोच टॉर्टोरेला म्हणजे नुसता आरडाओरडा, कोच असावा तर जॉन कूपरसारखा थंड डोक्याचा. मला पटत नाही पण उत्तरही सुचत नाही. कोच पारखायचा कशावरून?

उत्तर: भाऊ अगदीच चुकीचं बोलत नाहीये. जानेवारी २०१४ मध्ये व्हँकुव्हर-कॅलगरी मॅच सुरू होताच मारामारी झाली आणि पहिला पिरियड (मॅचच्या तीन भागांपैकी एक) संपल्यावर व्हँकुव्हरचा तेव्हाचा कोच टॉर्टोरेला तडक कॅलगरीच्या ड्रेसिंग रूमकडे निघाला, १५ दिवस सस्पेंड झाला, टीम सहा मॅच त्याच्याशिवाय खेळली. इथे मी त्याची बाजू घेणार नाही, कोचच बेंचवर नसेल तर त्याचे डावपेच काय कामाचे?

पण २०१९ चा प्लेऑफ (सीझननंतरची बाद फेरी) बघा, पहिल्याच राउंडला हे दोघं समोरासमोर. कूपरची टॅम्पा बे सीझनमध्ये ६२ मॅच जिंकून आलेली, टॉर्टोरेलाची कोलंबस कशीबशी आत शिरलेली. पहिल्या मॅचला पहिल्या पिरियडनंतर टॅम्पा ३-० पुढे. अशा वेळी टीम घाबरून मागे सरकते, कोलंबस मात्र पुढेच जाऊन अंगावर येत राहिली, मॅच ४-३ जिंकली आणि सिरीज ४-०. ओरडणाऱ्या माणसाने टीमला बिथरू दिलं नाही, हे मला फार मोठं वाटतं.

मग कूपर वाईट? अजिबात नाही. टॅम्पाने त्याला काढलं नाही, २०२० मध्ये पहिल्या राउंडला पुन्हा कोलंबसच आली, पहिली मॅच पाच ओव्हरटाइमपर्यंत चालली, टॅम्पा सिरीज ४-१ जिंकली आणि त्या वर्षी स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपदही, २०२१ ला परत. म्हणून एका सिरीजवरून कुणाला निकालात काढू नका.

मी स्वतः काय बघते सांगू? गोल खाल्ल्यावर कॅमेरा कोचच्या चेहऱ्यावर जातो, तेव्हा मी बेंचच्या दाराकडे बघते, बर्फावर आता कोण उतरतंय. ज्या पोराच्या चुकीने पक (हॉकीची चकती) गेला त्याला पुढच्या शिफ्टला, म्हणजे बर्फावरच्या पुढच्या पाळीला, परत पाठवलं की उरलेला पिरियड बसवून ठेवलं? घरच्या टीमला खेळाडू बदलायची शेवटची संधी मिळते, ती वापरून समोरच्या टॉप लाइनवर (सगळ्यात चांगल्या तीन फॉरवर्ड्सवर) आपली चांगली डिफेन्सची जोडी सोडतोय का? आणि कोचेस चॅलेंज, म्हणजे गोलबद्दलचा निर्णय रिप्लेवर तपासायची कोचची मागणी, ते तर आवर्जून बघा, कारण चॅलेंज फसलं की दोन मिनिटांची पेनल्टी बसते. रागाच्या भरात चॅलेंज घेणारा कोच आधीच गोल खाल्लेला असताना वर एक माणूस कमी करून बसतो. स्वभाव डावपेचात शिरतो तो असा, ओरडण्याने नाही.

पुढच्या मॅचला भावाला शेजारी बसवा आणि गोल बसला की रिप्ले संपायच्या आत दोघांनी सांगायचं, आता कोणती लाइन येणार. कोच तसं का करतोय यावर बोलायला लागलात की भांडण आपोआप वेगळ्या विषयावर जाईल.