डिजिटल बिझनेसच्या पदवीसाठी दहा लाखांचे कर्ज घ्यावे का?

प्रश्न (मूळ पत्र संक्षिप्त करून) : आम्ही कराडला राहतो. मी ४६ वर्षांचा असून खासगी कारखान्यात वरिष्ठ लिपिक आहे. हातात ४६,००० रुपये येतात. पत्नी शिवणकाम करते आणि लहान मुलींचे परकर-पोलके ऑनलाइन विकते, त्यातून महिन्याला सरासरी १०,००० रुपये सुटतात. घराच्या कर्जाचा ९,८०० रुपयांचा हप्ता अजून सहा वर्षे आहे, घरखर्च ३८,०००. मुदत ठेव ४ लाख, मुलीच्या सुकन्या समृद्धी खात्यात ४ लाख. मुलीला बारावी वाणिज्य शाखेत ७८ टक्के मिळाले असून तिने बीबीएची सीईटीही दिली आहे. पुण्यातील एका खासगी विद्यापीठात बीबीए (डिजिटल बिझनेस) करण्याची तिची इच्छा आहे. तेथे वर्षाचे शुल्क ३ लाख ४० हजार आणि वसतिगृह-मेसचे १ लाख ६० हजार, म्हणजे तीन वर्षांचे १५ लाख होतात. १० लाख शैक्षणिक कर्ज, ठेव मोडून ४ लाख आणि सोने तारण ठेवून १ लाख असा विचार आहे. मुलगा यंदा नववीत गेला. आम्ही इतर मागास प्रवर्गात येतो, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न सव्वासात लाखांच्या आसपास आहे. जागा राखून ठेवण्यासाठी विद्यापीठ ५०,००० रुपये मागत आहे. भरावेत का?

उत्तर : स. न. वि. वि.

आपण आकडे मोकळेपणाने आणि नीट कळवले, त्यामुळे स्पष्ट लिहिता येते. कन्येने हा विषय घ्यावा, पण या कर्जावर घेऊ नये, असे माझे मत आहे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवून पाहिल्या तर निर्णय बराच सोपा होतो.

प्रथम कर्जाचे गणित. व्याजदर साडेदहा टक्के आणि दर वर्षाच्या आरंभी ३ लाख ३३ हजारांची उचल धरली, तर शिक्षणाची तीन वर्षे व त्यानंतरचे हप्ता न भरण्याच्या सवलतीचे एक वर्ष एवढ्या काळात सरळव्याजानेच ३ लाख १५ हजार रुपये चढतात. परतफेड सुरू होईल त्या दिवशी आपण १३ लाख १५ हजारांचे देणेकरी असाल आणि दहा वर्षांच्या मुदतीत मासिक हप्ता सुमारे १७,७०० रुपये बसेल. शिकत असतानाच व्याज भरत गेलात (पहिल्या वर्षी महिन्याला सुमारे २,९००, तिसऱ्या वर्षी ८,७५०), तर हप्ता साडेतेरा हजारांवर येतो. पण तेवढे व्याज भरायला महिन्याकाठी आपल्याकडे ८,२०० रुपयेच उरतात आणि त्यातूनच मुलाचे दहावी-बारावीचे खर्च व्हायचे आहेत.

हप्ता केव्हा सुरू होतो, तेही पाहा. आजपासून चार वर्षांनी, म्हणजे मुलगा बारावी होऊन महाविद्यालयात जाईल नेमक्या त्याच वर्षी. त्या वेळी घराचे कर्ज आणखी दोन वर्षे शिल्लक असेल, म्हणजे दोन्ही हप्ते मिळून महिन्याला २७,५०० रुपये. शैक्षणिक कर्ज फिटेल तेव्हा आपण साठ वर्षांचे असाल, आणि निवृत्तीचे वय ५८ धरले तर शेवटची दोन वर्षे पगार बंद झालेला असेल. कर्ज मुलीच्या नावावर असले तरी सहकर्जदार म्हणून सही आपली असते. तिला पहिल्या नोकरीत हातात २५,००० रुपये मिळाले आणि पुण्यात खोली व जेवणाला १४,००० गेले, तर उरलेल्या ११,००० मध्ये हा हप्ता बसत नाही. तिची कुवत कमी आहे असे मला अजिबात म्हणायचे नाही. तेवीस वर्षांच्या मुलीने पहिली चांगली संधी केवळ हप्त्यापायी नाकारावी, ही वेळ तिच्यावर येऊ नये एवढीच तळमळ आहे. कमी पगाराची पण शिकवणारी नोकरी, पुढे एमबीएची तयारी, आईच्या व्यवसायाला पूर्ण वेळ देणे, यांपैकी प्रत्येक वाट तो हप्ता अडवतो.

बँकेच्या बाजूनेही अडचण आहे. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात आणि आपले घर आधीच एका कर्जात गुंतलेले आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत तारण व जामीनदाराशिवाय कर्ज मिळते आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात तीन टक्के व्याज-अनुदानही आहे. परंतु ती योजना एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीवरून निवडलेल्या संस्थांपुरतीच आहे. अनुदानाचा लाभ वर्षाला एक लाख नव्या विद्यार्थ्यांनाच मिळतो आणि त्यात सरकारी संस्थांना प्राधान्य असते. आपले विद्यापीठ त्या यादीत आहे का, हे विद्यालक्ष्मी पोर्टलवर स्वतः पाहा. प्रवेश कक्षातील व्यक्तीच्या शब्दावर विसंबू नका. व्याजावर प्राप्तिकरात सूट मिळेल, असे त्यांनी सांगितल्याचे आपण लिहिले आहे. ती सूट (कलम ८० ई म्हणून ओळखली जाणारी) जुन्या करपद्धतीतच मिळते. नव्या पद्धतीत २०२५-२६ पासून बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच लागत नसल्यामुळे आपल्या घराला तिचा उपयोग शून्य आहे.

आता विषयाकडे वळतो. आपल्या पत्राचा सर्वांत आशादायक भाग शेवटच्या परिच्छेदात होता. गेल्या दिवाळीत आईच्या परकर-पोलक्यांच्या ६४ मागण्यांपैकी ११ मापात न बसल्यामुळे परत आल्या आणि त्याची वही मुलीने स्वतःहून ठेवली, असे आपण सहज लिहून गेला आहात. एक संच ८५० रुपयांना, कापड व शिलाई ५६०, कुरिअर ९०, म्हणजे प्रत्येक विक्रीमागे २०० रुपये सुटतात. उलट परत आलेला प्रत्येक संच जाण्या-येण्याचे १८० रुपये खाऊन जातो. ५३ विक्रींचे १०,६०० रुपये झाले, त्यातून परताव्यांचे १,९८० वजा केले की ८,६२० उरले. मापाचा तक्ता वयाऐवजी छाती व उंचीच्या इंचांत दिला आणि त्यामुळे परतावे अकरावरून चारावर आले, तर त्याच ६४ मागण्यांवर ११,२८० रुपये सुटतील. डिजिटल बिझनेस या नावाखाली जे शिकवले जाते त्याचा गाभा हाच आहे. ग्राहक कुठून आला, त्याला मिळवायला किती खर्च झाला, किती माल परत आला, पुन्हा कोण आले, हे आकड्यांत पकडणे आणि त्यावरून निर्णय घेणे. त्यासाठी हिशेबशास्त्र, संख्याशास्त्र, विपणन, थोडे एसक्यूएल व पायथन (माहिती हाताळण्याच्या संगणकीय भाषा), पेमेंट आणि पुरवठा साखळी कशी चालते याची समज, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यासारख्या नियमांची ओळख लागते. यांतील निम्म्याहून अधिक गोष्टी साध्या बीबीए किंवा बी.कॉम.च्या अभ्यासक्रमातही असतात.

उरलेला भाग साधनांचा. साधने बदलतात, आणि फार वेगाने बदलतात. संकेतस्थळांवरील वर्दळ मोजणारी गुगलची ‘युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्स’ ही प्रणाली १ जुलै २०२३ पासून नवी नोंद घेईनाशी झाली आणि तिच्या जागी वेगळ्या रचनेची ‘जीए फोर’ आली. ज्यांनी केवळ जुने पडदे पाठ केले होते त्यांना नव्याने शिकावे लागले, ज्यांना मोजण्यामागचा विचार कळला होता ते काही आठवड्यांत रुळले. साधने शिकण्यासाठी आज फुकट किंवा अल्प खर्चाचे मार्ग भरपूर आहेत : केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ पोर्टलवरील अभ्यासक्रम विनामूल्य शिकता येतात, परीक्षेपुरते शुल्क लागते, आणि महाविद्यालयाने मान्य केल्यास त्यांचे श्रेयांक (क्रेडिट) पदवीत धरले जातात. साधनांसाठी वर्षाला साडेतीन लाख मोजण्याचे कारण मला दिसत नाही.

म्हणून मी सुचवतो ती वाट अशी. २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस, बीसीए हे अभ्यासक्रम तंत्रशिक्षणाचे नियमन करणाऱ्या एआयसीटीई या केंद्रीय परिषदेच्या कक्षेत आले आणि राज्यात त्यांचे प्रवेश सीईटी व केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, होऊ लागले. मुलीने सीईटी दिली आहे, तेव्हा कॅपचा अर्ज भरून कोल्हापूर, सातारा, पुणे येथील चांगल्या संलग्न महाविद्यालयांचे पर्याय क्रमाने द्यावेत. राज्य सरकारच्या जुलै २०२४ च्या निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी कुटुंबांतील मुलींना मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र त्यासाठी प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोटा, खासगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे त्यात येत नाहीत. आपण ज्या विद्यापीठाचा विचार करत आहात, तेथे हा लाभ मिळणार नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला व नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र आजच काढायला घ्या, निवडलेला अभ्यासक्रम योजनेच्या यादीत आहे याची महाविद्यालयातून खात्री करा आणि महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर दर वर्षी वेळेत अर्ज करा.

हा लाभ काही कारणाने मिळाला नाही असे धरूनच मी हिशेब करतो. शुल्क ६०,००० आणि वसतिगृह-जेवण ९०,००० धरले तर वर्षाला दीड लाख, तीन वर्षांचे साडेचार लाख, लॅपटॉपसह सुमारे पाच लाख. सुकन्या खात्यातून मुलगी दहावी उत्तीर्ण झाल्यावर किंवा अठरा वर्षांची झाल्यावर उच्च शिक्षणासाठी आधीच्या आर्थिक वर्षाअखेरच्या शिल्लकेच्या निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. ती वर्षाला एकदा याप्रमाणे पाच वर्षांपर्यंत हप्त्यांतही घेता येते. प्रवेशाचा पुरावा व शुल्काची पावती जोडावी लागते, आणि अठरा पूर्ण झाल्यावर खाते तिला स्वतः चालवायचे असते, त्यामुळे तिची केवायसी आधी करून घ्या. तेथून दोन लाख आणि आपल्या ८,२०० रुपयांच्या मासिक बचतीतून तीन वर्षांत सुमारे २ लाख ९५ हजार, एवढ्यात हे शिक्षण जवळजवळ भागते. तुटीसाठी दोन-तीन लाखांचे छोटे कर्ज घ्यावे लागले तरी हरकत नाही. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही. ४ लाखांच्या ठेवीला हात लावू नका. हप्त्यासह आपला महिन्याचा खर्च ४७,८०० आहे, म्हणजे ती ठेव आठ महिन्यांचा आधार आहे, आणि खासगी नोकरीत तो लागतो. सोनेही घरातच राहू द्या.

कुटुंबाची कर्ज घेण्याची ताकद मर्यादित असते आणि ती कोणत्या टप्प्यावर वापरावी हे ठरवावे लागते. तीन वर्षांनी मुलीने एमबीए सीईटी किंवा कॅट देऊन चांगल्या संस्थेत प्रवेश मिळवला, तर त्या वेळी घेतलेले कर्ज मला अधिक सार्थ वाटेल, कारण तोवर तिचा कल, गुण आणि कामाचा अनुभव समोर असेल. घरी राहून शिकण्याची शिस्त तिच्याकडे असेल, तर आयआयएम बंगळुरूने २०२४ मध्ये सुरू केलेला डिजिटल बिझनेस व उद्योजकतेचा ऑनलाइन बीबीएही पाहावा. त्यालाही स्वतंत्र प्रवेश परीक्षा आहे आणि सोबत्यांमध्ये राहून शिकण्याची जागा तो पूर्णपणे भरून काढत नाही.

एवढे वाचूनही मुलीचा ओढा त्याच विद्यापीठाकडे असेल, तर तिला गप्प करू नका. तिच्यासोबत बसून विद्यापीठाला लेखी प्रश्न विचारा. मागील तुकडीत किती विद्यार्थी होते, किती जणांना नोकरी लागली, आणि त्यांच्या पगाराचा मध्यक (पगार क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) किती? सर्वांत मोठ्या पगाराची जाहिरात कामाची नाही. एनआयआरएफमध्ये भाग घेणाऱ्या संस्था तीन वर्षांच्या पदवीसाठी हीच माहिती भरून देतात आणि ती आपल्या संकेतस्थळावर ठेवतात, तेव्हा तोंडी उत्तर त्याच्याशी ताडून पाहा. शुल्क तीन वर्षे तेवढेच राहील का, हेही लिहून घ्या. शिष्यवृत्ती मिळून एकूण खर्च आठ लाखांच्या आत आला आणि विद्यापीठ पीएम-विद्यालक्ष्मीच्या यादीत असले, तर माझा विरोध बराच मावळेल.

५०,००० रुपये आज भरू नका. कॅपच्या फेऱ्या होईपर्यंत मुदत वाढवून मागा. भरावेच लागले तर पावती शुल्काच्या नावाने घ्या, मूळ गुणपत्रिका व दाखले देऊ नका, आणि परताव्याची तारीख लेखी मिळवा. २०२४-२५ च्या प्रवेशांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द करणाऱ्यांना पूर्ण शुल्क आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त १,००० रुपये कापून उरलेले शुल्क परत देण्यास सांगितले होते, तसे यंदाच्या तारखांचे परिपत्रक पाहून घ्या. कॅपच्या पहिल्या फेरीत कोणते महाविद्यालय मिळाले ते कळवलेत, तर त्या शुल्कावर वरचा हिशेब पुन्हा मांडून देईन.